पश्चिमेची भिंत आणि उदबत्ती

चिपळूणच्या एस.टी. स्टँडवर आईने माझ्या पिशवीत उदबत्तीचा पुडा कोंबला आणि बजावलं, "ऊन येईल असंच घर बघ हो. उन्हाच्या घरात वैद्य फिरकत नाही." आखाती युद्ध संपून दोन वर्षं झाली होती. आमचे हे कुवेतला एसी दुरुस्तीच्या कामावर होते, आणि दोन वर्षांच्या वैशूला कडेवर घेऊन मी निघाले होते. बहिणी रडत होत्या. मला विमानाची घाई. अक्कल मागच्या गाडीने येणार होती.

जानेवारीत पोचले. ह्यांनी कुवेतच्या फरवानिया भागात दोन घरं दाखवली. एक पहिल्या मजल्यावरचं, उत्तरेकडे तोंड, अंधारं. दुसरं सगळ्यात वरचं, पश्चिमेला दोन मोठ्या खिडक्या. मी त्या उन्हात पाय पसरून बसले आणि म्हटलं, हेच.

"अगं, इथला उन्हाळा तरी बघ."

"कोकणातली आहे मी." जणू सूर्याशी सोयरीक जुळवून आले होते.

मे महिन्यात सोयरीक मोडली. गार पाण्याच्या नळाला कढत पाणी. पश्चिमेची भिंत दिवेलागणीनंतरही तव्यासारखी. एसी अखंड घरघरायचा आणि वैशू घामोळ्यांनी रडायची. मी वर तोंड करून ह्यांनाच बोलले, "जगाचे एसी नीट करता, घरचा तेवढा बघवत नाही?"

हे दमून आले होते. बूट न काढताच म्हणाले, "मशीन ठणठणीत आहे. घरच नापास आहे. पोरीचे हाल बघवत नाहीत मला. महिन्याभरात दुसरं मिळालं नाही, तर तुम्ही दोघी परत जा."

परत जायचं म्हणजे ह्यांना पुन्हा फोटोत बघायचं. त्या संध्याकाळी देवापुढे उदबत्ती लावली, तर धूर बंद खिडकीकडे वाकून निघाला. फटीतून गारवा पळत होता आणि मी नवऱ्याला दोष देत होते.

मग मी घरं बघितली ती भर दुपारी. भिंतीला तळहात, खिडकीला उदबत्ती. जवळच्याच रिग्गई भागातल्या एका इमारतीचा हारिस, म्हणजे तिथला राखणदार, दारातून बघत होता. "मदाम, घर लेना है कि पूजा करना है?"

"दोनों."

धूर सरळ वर गेला. भिंत नुसती कोमट. पहिला मजला, उत्तरेकडे तोंड, अंधार. जानेवारीत नाक मुरडलं होतं, तसंच घर. तिथे आम्ही पंधरा वर्षं काढली, दिवसाही दिवा लावून. आईला पत्रात मात्र लिहायची, ऊन छान येतं.

पुढे वैशू शिकायला इंग्लंडला गेली. तिथून फोन आला, "आई, भाड्याने एक घर बघितलंय, एजंटने त्याचं सर्टिफिकेट दिलंय. इथे घर विकताना, भाड्याने देताना ते लागतंच. घर किती एनर्जी खातं ते असतं. ए बेस्ट, जी वर्स्ट. हे ई आहे."

"म्हणजे काठावर पास?"

"म्हणजे हीटिंगचं बिल जास्त. खाली लिहिलंय, भिंतींना अस्तर घाला, दुहेरी काचा बसवा. घेऊ का?"

मला जरा रागच आला. जे कळायला माझा एक उन्हाळा आणि तिची घामोळी खर्ची पडली, ते तिथल्या लोकांना राहायला जायच्या आधी कागदावर मिळतं. म्हटलं, "भिंतीला हात लाव."

"बर्फ आहे, आई."

"मग ते माझं फरवानियाचं घर आहे. सोड."

तिने सोडलं.

आता आम्ही दोघं चिपळूणला, आईच्याच घरात. मागे वैशूची मुलगी आली होती. तिने विचारलं, "आजी, व्हॉट्स युवर हाउस, ए ऑर जी?" मी उदबत्ती लावली. धूर कौलांतून, दारातून, वाट फुटेल तिकडे गेला. "जी," ती म्हणाली. खरंच आहे.

दमले आहे. मे महिन्यात दुपारी मी सगळी दारं-खिडक्या लावून अंधारात बसते. शेजारीण हाक मारते, "काकू, बऱ्या आहात ना?" बरी आहे. ज्या उन्हासाठी पंधरा वर्षं पत्रांत खोटं लिहिलं, ते आता दाराबाहेर उभं असतं. भिंतीला हात लावून बघते, आणि ती निवायला लागली की मीच उठून उतरत्या उन्हाला आत घेते.