सूर्यास्तानंतर मामा

रविवार, दुपारी चार. उपस्थित: अध्यक्ष मामा, विश्वस्त म्हणून त्यांची भाची सरोजा आणि प्राणिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक, विश्वस्त आणि चिटणीस मी. अनुपस्थित: कोणी नाही. मुंगसं धरली तर गर्दीच होती.

स्वतःचं घर दान देऊन त्यातून स्वतःलाच बाहेर काढणारा माणूस अख्ख्या चेन्नईत एकच असेल, आणि तो माझ्या शेजारणीचा मामा आहे. सरोजा तंजावरकडची मराठी, अण्णा नगरला माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहते. मी सांगलीची, अंबत्तूरच्या एका कारखान्यात खरेदी सांभाळते. याद्या करणं माझं कामही आणि खोडही, म्हणून मामांनी मला चिटणीस नेमलं. तेव्हापासून कोणती गोष्ट कोणत्या यादीत घालावी तेच मला कळेनासं झालंय.

अड्यार नदीच्या काठचं हे घर मामांनी पशुपक्ष्यांसाठी धर्मादाय न्यासाला दिलं, पण त्याआधीही ते त्यांचं कधी होतं, कोण जाणे. पडलेली झावळी ते उचलत नाहीत, खाली कोणी राहत असेल म्हणून. झोपाळ्याच्या कडीशी बुलबुलाने घरटं केलं तेव्हापासून आम्ही बैठकीला जमिनीवर बसतो. मी कुरकुर केली तर म्हणाले, "ती मंडळी आधी आली, अम्मा. तू उशिरा आलीस." इकडे लेकीबाळींनाही अम्माच म्हणतात. पंखा लावायचा नाही, कारण पिल्लं उडायला शिकताहेत. गेला अख्खा उन्हाळा आम्ही ठराव पुठ्ठ्याने वारा घेत मंजूर केले.

मामांचा जन्म लोकांचे दस्त लिहिण्यात गेला, त्यामुळे न्यासाचा दस्तही त्यांनी स्वतःच लिहिला. एक कलम असं: सूर्यास्तानंतर आवारात कोणीही मनुष्य राहणार नाही. बदल करायचा तर सर्व विश्वस्तांच्या एकमतानेच. नोंदणी करून आले, कॉफी प्यायले, आणि दस्त पुन्हा वाचला.

"अम्मा, मनुष्यांत मी येतो की नाही?"

"येता, मामा."

"सरी, ठीक आहे," म्हणाले आणि पिशवी भरायला लागले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी सरोजाकडे आणि सकाळी पहिल्या बसने परत. आता गुडघे गेलेत. डॉक्टरांनी बस बंद सांगितली. म्हणजे मामांनी रात्री इथंच राहायचं, नाहीतर इथं येणंच संपलं. रविवारी मी ठराव मांडला: मामांना राखणदार म्हणून राहू द्यावं. बाजूने तीन. विरोधात एक, अध्यक्ष. एकमत नाही, ठराव पडला.

"दुसऱ्यांच्या दस्तातल्या पळवाटांना मी आयुष्यभर हसलो," मामा म्हणाले. "आता लोक मला हसतील."

"हसतातच, मामा," सरोजा म्हणाली. "तुम्हाला ऐकू येत नाही, एवढंच."

प्राध्यापक तमिळमध्ये म्हणाले, मग यांना आपल्या प्राण्यांच्या यादीत घाला. यादीतला जीव आवारातून हलवायचा नाही, हेही यांनीच लिहिलंय. आम्ही हसलो. मामा हसले नाहीत.

"यादीत यायला नियम काय?" त्यांनी मला विचारलं.

"दोघांनी, तीन वेगळ्या दिवशी पाहिलेला असावा."

"पाहिलंत?"

"पाहिलं, मामा."

"मग लिही."

मी वही उघडली. नाव, ठिकाण, पाहणारे, सगळं भरलं. पुढचा रकाना: निवासी की स्थलांतरित. निवासी लिहिलं तर मामा राहतील, असं प्राध्यापक म्हणाले. मामांनी वहीवर हात ठेवला. "रोज सहाला जाणारा मी. जे पाहिलं तेच लिहायचं, अम्मा." मी म्हटलं, आज राहा, उद्या तसं पाहून लिहिते. ते म्हणाले, यादीत नसताना राहू कसा? मी तो रकाना कोरा ठेवून वही मिटली.

पावणेसहाला सरोजाने रिक्षा बोलावली. मामा पायरीवर थांबले, नदीकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "उद्या जमेलसं वाटत नाही." कोणाला सांगितलं, कळलं नाही. सरोजाने त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

आज बुधवार. मामा तीन दिवस समोरच्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून आहेत. वही माझ्याकडे आहे, पेनही आहे. तो रकाना भरायचा राहिलाय.