डेट्रॉइटची ग्रां प्री आणि फाटकचं लाल जॅकेट

सर्व संबंधितांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येत आहे की, डेट्रॉइटच्या ग्रां प्री या मोटार शर्यतीसाठी आमच्या कंपनीच्या वाट्याला आलेला एकमेव पिट पास प्रभाकर फाटक यांना देण्यात आला आहे. मला नाही. गाडीचे ब्रेक मी केले होते.

ही घोषणा आमचा बॉस वॉल्ट याने सोमवारच्या मीटिंगमध्ये डोनट खाता खाता केली.

"तिथे सेल्सचा माणूस हवा," तो म्हणाला. "कस्टमरशी बोलायला."

"गाडी बोलून थांबत नाही, वॉल्ट."

सगळे हसले. पास फाटकच्याच खिशात गेला.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. डेट्रॉइटशेजारच्या ट्रॉयमधल्या आमच्या कंपनीत मी ब्रेकच्या लॅबमध्ये होतो. एका छोट्या इंग्लिश रेसिंग टीमला आम्ही ब्रेकचे पॅड आणि ब्रेक फ्लुइड पुरवायचो. डेट्रॉइटची रेस खास बांधलेल्या ट्रॅकवर नसे, शहराच्या रस्त्यांवरच असे. थोडं सरळ जायचं की काटकोनात वळण, पुन्हा थोडं सरळ की पुन्हा वळण, आणि दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती. त्यामुळे ड्रायव्हरचा पाय सतत ब्रेकवर. चाकांमधल्या डिस्क तापून लालबुंद व्हायच्या. म्हणजे ही रेस इंजिनाची कमी आणि ब्रेकची जास्त. म्हणजे माझी. आणि पिटमध्ये, जिथे टीम गाडीवर काम करते तिथे, उभा राहणार फाटक, ज्याला ब्रेक म्हणजे ऑफिसातली चहाची सुट्टी एवढंच माहीत.

टीमने त्याला लाल जॅकेट दिलं. जून महिना, घामाच्या धारा, आणि हा शेजारच्यांच्या सत्यनारायणाला ते जॅकेट घालून आला. प्रसाद घेतानाही गळ्यापर्यंतची चेन उघडली नाही.

"भावोजींना लाल रंग काय खुलतो ना!" माझी बायको नलू म्हणाली.

मी शिऱ्यातले बेदाणे वेचून बाजूला काढले. मला बेदाणे आवडतात. पण त्या दिवशी काहीतरी काढून टाकणं गरजेचं होतं.

शनिवारी प्रॅक्टिस होती. मी निषेध म्हणून घरी गवत कापत होतो. घरातला फोन वाजला. फाटक होता.

"वसंता, काय करतोयस?"

"गवत कापतोय. तू?"

"पेडल खाली जातंय यार."

त्याचा आवाज ऐकून मी मशीन तसंच अंगणात सोडलं. पेडल खाली जाणं म्हणजे ड्रायव्हर ब्रेक दाबतो, पाय पार तळाला टेकतो आणि गाडी काही थांबत नाही. आमचा ड्रायव्हर वळण सोडून सरळ पुढच्या मोकळ्या गल्लीत शिरला होता म्हणून वाचला. पुढच्या वेळी तिथे गल्ली असेलच असं नाही. कारण सापडलं नाही, तर रविवारी गाडी उतरवणार नाही, असं टीमने फाटकला सांगितलं होतं. आणि मग आमचं कॉन्ट्रॅक्टही जाणार होतं.

गेटवर मला एक कागदी स्टिकर मिळालं. 'व्हिजिटर'. ते घामाने शर्टावरून सारखं सुटत होतं. एका हाताने ते छातीवर दाबत, अमेरिकन राष्ट्रगीताला उभा राहिल्यासारखा मी पिटमध्ये पोचलो. समोर फाटक, लाल जॅकेटात. चेहरा मात्र पांढरा.

चीफ मेकॅनिक एक तांबड्या मिशांचा इंग्रज होता. "पॅड गेलेत तुमचे," तो म्हणाला.

मी पॅड काढून पाहिले. उत्तम. डिस्क पाहिल्या. तडा नाही. सगळे पाइप हाताने चाचपले. गळती नाही. राहिलं एकच, फ्लुइड.

ब्रेक फ्लुइड म्हणजे पायाचा जोर चाकापर्यंत नेणारं द्रव. त्याला एक व्यसन असतं. ते हवेतलं पाणी पितं. पाणी प्यायलेलं फ्लुइड गरम ब्रेकमध्ये लवकर उकळतं, त्यात बुडबुडे होतात आणि मग पाय ब्रेकऐवजी बुडबुडे दाबत बसतो. म्हणून रेसिंगमध्ये दर वेळी नवा सीलबंद डबा फोडतात. अर्धा उरला तरी फेकून देतात.

तेवढ्यात फाटकच्या पायाशी मला एक मोठा डबा दिसला. तोंडाला प्लास्टिकची पिशवी, वर रबरबँड, दोन वेढे. अशी बांधणी अख्ख्या पिटमध्ये दुसरं कोणी करणं शक्य नव्हतं. माझ्या घरी चिवड्याचा डबा अगदी असाच बांधलेला असतो.

मी त्याला टायरांच्या ढिगामागे नेलं.

"हे काय आहे?"

"फ्लुइड."

"कुठलं?"

"मागच्या महिन्यात टेस्टिंग झालं ना, तेव्हाचं. अरे, हे लोक अर्धे अर्धे डबे फेकत होते! मी सगळे एकात ओतून ठेवले. काल त्यांना तेच दिलं. चांगली वस्तू, टाकायची कशाला?"

आमच्या पिढीच्या प्रत्येक मराठी घरात मार्जरिनच्या डब्यात दही लागायचं आणि प्लास्टिकच्या पिशव्या धुऊन वाळत पडायच्या. पण मार्जरिनच्या डब्याला कोणी त्या वेगाने भिंतीकडे नेत नाही.

"फाटक, तू मारलं असतंस त्या ड्रायव्हरला."

"हळू बोल यार."

चीफ मेकॅनिक मागेच उभा होता. मराठी कळलं नाही, चेहरे कळले. "काय सापडलं?"

आता बघा. एक बोट उचलायचा अवकाश होता. जॅकेट उतरलं असतं, पास माझ्या गळ्यात आला असता. फाटक माझ्याकडे असा पाहत होता, की त्याचा तो चेहरा मी फ्रेम करून घेतला असता. पण बोट फाटककडे दाखवलं की ते कंपनीकडे जाणार होतं. आणि तिच्या पगारावर माझंही घर चाललं होतं.

"फ्लुइडमध्ये पाणी गेलंय," मी म्हणालो. "नदीकाठची दमट हवा. सगळं काढून सीलबंद डब्यातलं नवं भरू. मगच गाडी बाहेर न्या."

"म्हणून तर मी याला ताबडतोब बोलावून घेतलं!" फाटक म्हणाला.

मिशीवाल्याने फाटकच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास!"

फाटकच्या.

पुढचं काम म्हणजे ब्लीडिंग. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकापाशी नळी लावून जुनं फ्लुइड बाटलीत काढायचं, वरून नवं ओतत राहायचं. मेकॅनिक गिअरबॉक्समध्ये अडकले होते. पेडल दाबणाऱ्याला ड्रायव्हरच्या जागी बसावं लागतं, आणि फाटक माझ्यापेक्षा बारीक. तो ग्रां प्रीच्या गाडीत बसला. मी तापलेल्या डांबरावर आडवा झालो.

"दाब," मी खालून ओरडायचो.

"दाबलं!" वरून.

"सोड."

"वसंता, इथून भारी दिसतं रे!"

कुणीतरी त्याचा फोटो काढला. माझे बूट आले असतील तर माहीत नाही.

रविवारी चीफनेच मला आत घेतलं. स्टिकर नवं होतं, तेही सुटत होतं. रेस सुरू झाली आणि एकेक गाडी गळायला लागली. कुणी भिंतीला घासलं, कुणाचं इंजिन धूर ओकलं, कुणाचा गिअर अडकला. मी इतर काही पाहतच नव्हतो. आमची गाडी वळणाशी आली की माझा उजवा पाय आपोआप जमिनीत रुतायचा. प्रत्येक वेळी ती थांबत होती. जिथे थांबायला हवी, तिथे. शेवटी आमचा ड्रायव्हर पाचवा आला. त्या काळी पहिल्या सहांनाच पॉइंट मिळायचे, आणि त्या टीमला त्या सीझनमध्ये एकही मिळाला नव्हता. तांबड्या मिशा रडत होत्या. स्थानिक चॅनेलचा कॅमेरा धावत आला, लाल रंग दिसला तिथे, म्हणजे माझ्या शेजारी, थांबला, आणि फाटकने ब्रेक फ्लुइड या विषयावर तीन वाक्यं सांगितली. तिन्ही माझी.

सोमवारी वॉल्ट म्हणाला, "टीमला फाटक फार आवडलाय. पुढच्या रेसलाही तोच जाईल. तू त्याला फ्लुइडबद्दल थोडं ब्रीफ कर."

तीस वर्षं ब्रेकमध्ये काढून मला एवढंच कळलं. ब्रेकवाल्याचं काम नीट झालं, की काहीच घडत नाही. आणि काहीच न घडल्याबद्दल कोणी कोणाला जॅकेट देत नाही.

त्या शनिवारी फाटककडे पॉटलक होतं, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण. त्याने बातम्यांची टेप लावली. ट्रॉयमधली सगळी मराठी मंडळी बटाटेवडे घेऊन टीव्हीसमोर. पडद्यावर फाटक, लाल जॅकेट, खांद्यावर ड्रायव्हरचा हात. काकू लोकांनी टाळ्या वाजवल्या. "भावोजी, हिरो दिसताय!" फाटकने विनयाने मान खाली घातली आणि टेप मागे घेऊन पुन्हा लावली. मी आणखी एक वडा घेतला. दुसऱ्यांदा तेच दृश्य आलं आणि नलू ताडकन उठली, टीव्हीपाशी गेली, काचेच्या अगदी डाव्या कडेला बोट टेकवलं आणि भरल्या घरात ओरडली,

"हा कोपर दिसतोय ना सगळ्यांना? हा आमच्या ह्यांचा आहे!"