नर्सबाईंचा पहिला तोडा

मातीत काम करून झाल्यावर हात धुणारी माणसं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. आमच्या नर्सबाई आधी धूत. कार्बोलिक साबणाने, कोपरापर्यंत, नखं घासून. आणि मगच पत्र्याच्या डब्यातल्या रोपांना हात लावत. निम्म्या पनवेलची बाळंतपणं याच हातांनी केलेली, त्यामुळे हसायची कुणाची छाती नव्हती. मी कुंपणापलीकडची नवी सून, एकदा हसलेच. "कुसुम, कोवळं ते कोवळं," त्या म्हणाल्या, "मग ते रडणारं असो की न रडणारं."

रोपं अ‍ॅस्परॅगसची होती. नाव कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून गल्लीने 'नर्सबाईंचं गवत' असं बारसं करून टाकलं. नर्सबाई बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्याच ज्यू आणि बोलायला आमच्याहून अस्सल मराठी. तरुणपणी त्या मुंबईच्या एका इस्पितळात शिकायला होत्या. तिथे गोऱ्यांच्या वॉर्डात लोण्यात घोळलेले हे हिरवे कोंब ट्रेमधून न्यायचं काम त्यांच्याकडे. चव मात्र कधी मिळाली नाही. "इतकी वर्षं वाहिलं," त्या म्हणत, "आता राज्य आपलं आहे. माझ्या अंगणातलं माझ्या ताटात पडू दे." नवरा कधीच गेला होता. मुलगा-सून इस्राएलला स्थायिक झालेली, 'आई, आता ये' अशी त्यांची पत्रांवर पत्रं. बाईंचं उत्तर ठरलेलं: "पहिला तोडा झाला की निघते."

पण हे पीक भलतंच सोशीक माणूस मागतं. बी पेरल्यापासून दोन-तीन वर्षं एकही कोंब तोडायचा नाही, नुसती मुळं पोसायची. आमच्या पावसात मुळं कुजतात, म्हणून बाईंनी गाढी नदीची वाळू आणि विटांचे तुकडे घालून गुडघाभर उंच वाफा केला. बंदरावरची पार्वती कोळीण सुक्या मासळीची कुटी खताला आणून द्यायची आणि कमरेवर हात ठेवून विचारायची, "बाई, येवढं खाऊ घालून शेवटी तुमी गवतच खानार?"

"तुलाही घालीन. थांब तर खरी."

पौषात बाई वाफ्याचं पाणी तोडत. पाला पिवळा पडे. माझ्या सासूबाईंना ते बघवेना. एकदा त्या तांब्या घेऊन कुंपणाशी पोचल्या. "झोपू द्या त्यांना, काकू," नर्सबाई आतून म्हणाल्या, "निजलेल्या पोराला उठवून कुणी दूध पाजतं का?"

आता माझा पराक्रम सांगायलाच हवा. दुसऱ्या भाद्रपदात पाला खांद्याइतका वाढला होता, हिरव्या धुक्यासारखा तलम. बाई बाळंतपणाला कुठल्याशा गावी गेलेल्या. आमच्याकडे गौरी. मी कात्री घेतली आणि सगळाच्या सगळा पाला कापून मखर सजवलं. बायका आरास पाहून थक्क झाल्या. तिसऱ्या दिवशी नर्सबाई गौरी पाहायला आल्या. मखरातला पाला त्यांनी बोटांत धरून पाहिला. "आरास छान झाली आहे," एवढंच म्हणाल्या, बसल्या, करंजी खाल्ली आणि गेल्या. मला ब्रह्मांड आठवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला वाफ्याशी बोलावलं. "पाल्यावर मुळं पोसतात, बाळ. तू त्यांची चूलच मोडलीस. येत्या फाल्गुनात तोडा नाही. एक वर्ष पुढे."

"आणि तुमचं जाणं?"

"तेही पुढे."

मी रडले. घरी सासूबाई आठवडाभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत.

पुढच्या वर्षीच्या मार्गशीर्षात, भर दुपारी, माझं बाळंतपण अडलं. मूल पायाळू, डॉक्टर परगावी. सासूबाईंनी देव पाण्यात घातले. नर्सबाईंनी नेहमीसारखे सावकाश हात धुतले, मला त्यांचा रागच आला. मुलगी आली ती गळ्याला नाळेचा वेढा घेऊन, निळी. आवाज नाही. कधीही न ओरडणाऱ्या बाई ओरडल्या, "रड, गधडे, रड!" आणि ती जी रडली, ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं.

फाल्गुनात बाईंनी वाळका पाला कापून पाणी सोडलं. पंधरवड्यात वाफ्यातून बोटाएवढे जाड कोंब ताठ वर आले. बाईंनी ते स्वतः तोडले, उकडून लोण्यात घोळले, ठेवणीतली पांढरीशुभ्र साडी नेसल्या आणि ओटीवरच्या खुर्चीत बसल्या. "कुसुम, आता ट्रे तू आणायचा," त्या म्हणाल्या. मी आणला. पार्वती टोपली खाली ठेवून बघत होती. बाईंनी पहिला कोंब डोळे मिटून चावला.

"कसा लागतोय?"

"आपल्या वालाच्या कोवळ्या शेंगा याहून बऱ्या! एवढ्यासाठी तोरा मिरवत होते होय ते?" आणि अशा खदखदून हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. पार्वतीला दोन कोंब मिळाले. "बरं हाय की गवत," ती म्हणाली. बाकीची बशी बाईंनी एकटीने चाटूनपुसून संपवली.

चैत्रात त्या गेल्या. एस.टी. सुटताना खिडकीतून म्हणाल्या, "वाफा तुझा. कात्री जपून."

त्या गौरीच्या चुकीबद्दल मला रडू आलं होतं. आता येत नाही. पाला कापला नसता, तर त्या मार्गशीर्षात बाई पनवेलला नसत्याच. वाफ्याला अजून कोंब येतात. फाल्गुनातला पहिला कोंब माझी लेकच तोडते. आधी हात धुते, कोपरापर्यंत.