काजळलेले प्लग

म्हसावदचा तो मेकॅनिक प्लग काढला की आधी डोळे मिटून हुंगतो आणि गाडी कोण, कशी चालवतं ते सांगतो. मला हा भोंदूपणा वाटायचा. वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, जुन्या गाडीसाठी त्याचा नियम ठरलेला होता, "दहा हजार किलोमीटरले प्लग बदलाना, नही ते वरीसले." पण अण्णांचे प्लग चार महिन्यांतच काजळायचे. अंगणात, जादा पेट्रोल सोडून प्लगवर काजळी धरवणारा चोक ओढून, इंजिन चालू ठेवून ते तासभर नुसते गाडीत बसून राहत.

दिवाळीनंतर अण्णा गेले. खांदा द्यायला हा मेकॅनिकही होता. त्याच आठवड्यात त्यानं नवे प्लग घातले. तेव्हापासून गाडी मीच चालवतो आणि चोक लागलीच आत ढकलतो.

काल त्यानं ते प्लग काढले. चारही काळेकुट्ट झाले होते. एक हुंगून तो शांतपणे म्हणाला, "अण्णा अजून चोक वढीसन बठतस."

मी हसलो. तो हसला नाही. एरवी सीटवर बसून गाडी चालू करणाऱ्या या माणसानं काल खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली. मग माझ्यासाठी अदबीनं दार उघडलं, ते स्टिअरिंगच्या बाजूचं नव्हे, शेजारचं.