ब्रेक पोडु!

मी ब्रेक बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला आहे, म्हणून मला ब्रेकमधलं सगळं कळतं, असा आमच्या घराण्याचा समज आहे. (इरुंगाट्टुकोट्टैच्या त्या कारखान्यात मी कँटीन बघतो. पण घराण्याला कशाला दुखवा?)

आई सांगलीहून आमच्याकडे तमिळ मुलखात, मैलापूरला आली ती काशीच्या गंगेचा गडू घेऊनच. ती गंगा रामेश्वराला वाहिली, की तिची काशीयात्रा पुरी होणार होती.

"पण हॉटेलात उतरणार नाही हं मी! सोवळ्याचं काय?"

मग मी हौसेनं घेतलेलं जुनं मोटरहोम पुढे केलं. आत पलंग, गॅस, मोरी, सगळं होतं. फक्त ब्रेक दाबला की ते किंचाळायचं आणि पुढची चाकं घरघरायची.

"गॅरेजला टाका," माझी बायको उज्ज्वला म्हणाली.

"छट्! पुढचे ब्रेक आणि बेअरिंगं मीच बदलणार!"

"अहो, तुम्हाला घरातला नळ बदलता येत नाही!"

झालं! आता ब्रह्मदेव आला असता तरी मी माघार घेतली नसती. शनिवारभर गाडी जॅकवर चढवून मी झटलो. चाकं काढली, जुनी बेअरिंगं ठोकून ठोकून बाहेर काढली, नव्यांत ग्रीस भरलं (निम्मं मिशीत गेलं), नवे ब्रेकपॅड बसवले. आईनं चाकांना हळदकुंकू वाहिलं आणि माझी दृष्ट काढली.

रविवारी सकाळी चाचणी. आई माझ्या शेजारच्या सीटवर, उज्ज्वला मागे. गल्लीच्या उताराला, आपल्या फाटकात शेजारचे सुंदरममामा उभे. मामा बँकेतून निवृत्त, मराठीचा गंध नाही. गाडी निघाली. घरघर बंद! मी छाती फुगवून ब्रेक दाबला आणि पेडल भस्सकन तळाला गेलं! (नवे पॅड बसवल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल पुन्हा पुन्हा दाबून घट्ट करायचं असतं. हे मला नंतर कळलं.) आमचं घर मामांच्या घरावर चाल करून निघालं!

"ब्रेक पोडु! ब्रेक पोडु!" मामा ओरडले. तमिळमध्ये 'पोडु' म्हणजे 'लाव'. पण सांगलीत?

"फोडू? ब्रेक फोडू?" आई कडाडली. "खबरदार! माझं पोर दिवसभर राबलंय!"

आणि पुन्हा पेडल दाबायला मी उचललेला पाय तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरला!

"आई, पाय सोड!"

"नाही सोडणार! लोकांचं ऐकून नव्याकोऱ्या वस्तू फोडतोस मेल्या?"

"अगं, ते लाव म्हणतायत!"

"मग फोडू कशाला म्हणतात?"

मामा धोतर सावरत पळाले. शेवटी उज्ज्वलानं मागून झेप घेऊन हँडब्रेक ओढला. गाडी थांबली ती मामींनी नुकत्याच घातलेल्या कोलमच्या रांगोळीवर, फाटकाला नाक लावून. कुणाला लागलं नाही. पण मला वाटलं, संपलं आईचं रामेश्वर.

आईनं पदरानं घाम पुसला.

"ते ब्रेक नीट कर आधी. उद्या निघायचं म्हणजे निघायचं! गंगा घरात ठेवून मी मरायची नाही!"

पेडल दाबून दाबून घट्ट केलं आणि निघालो. ब्रेक इतके झकास लागले, की वाटभर मी उगाचच दाबून बघत होतो. रामेश्वराला गंगा वाहिली, तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला बोलू, माझ्याही आलं. मी अभिमानानं तिच्या शेजारी उभा. आईनं हात जोडले, डोळे मिटले आणि साऱ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"देवा, इथवर तूच आणलंस. परतही तूच ने. याच्यावर सोडू नकोस!"