दाण्याची आक्का

आक्का कुठलंही जनावर घ्यायच्या आधी त्याचं शेपूट वर करून बघायची. आमच्या पणदऱ्यात म्हैस घ्यायला निघालेले लोक तिला सोबत न्यायचे ते यासाठीच. मागची बाजू घाण दिसली की जनावर पोटातून बिघडलेलं, मग मालक किती का गोड बोलेना. सगळं गाव तिला आक्का म्हणायचं. मी नवरा, मी नुसतं 'अगं' म्हणायचो. माझ्याबद्दल ती चारचौघांत सांगायची, "माझा बाप ह्यांला बघाया आलता. शेपूटच न्हवतं, तितं फसला." लोक हसायचे. मीही हसायचो, दुसरं काय करणार.

दोघांचे गुडघे गेले तशा म्हशी विकल्या. रिकामा गोठा बघून ती दिवसभर चिडचिड करायची. एकदा म्हणाली, "हातात मावंल असलं जनावर आणा." म्हणून बारामतीला एका पिल्लंवाल्याकडं गेलो. पॉम जातीची कुत्र्याची पिल्लं होती, कापसाच्या बोळ्यासारखी. त्यानं सगळ्यात बारकं पिल्लू पुढं केलं. म्हणाला, यालाच मागणी जास्त. आक्कानं ते हातात तोललं आणि परत दिलं. "ह्याला नेलं तर आठवड्यात खड्डा खणावा लागंल. असलं रेडकू आमी फुकट घेत न्हाय." मग एकेकाचं शेपूट वर केलं, हिरड्या बघितल्या, कानामागं टाळी वाजवली.

"आक्का, हे पॉम हाय, म्हैस न्हाय," पिल्लंवाला म्हणाला.

"मागची बाजू दोघांची सारखीच असती." टाळी ऐकून जे उलटं तिच्यावरच भुंकलं, ते तांबूस पिल्लू तिनं उचललं.

निघताना त्यानं बजावलं, "ही जात एका माणसाला धरती. ते माणूस दिसंना झालं की खाणं टाकती. आन् एवढंसं प्वाट, दुपारपतूर उपाशी ऱ्हायलं तरी मरतं."

रंग शेंगदाण्याचा, म्हणून नाव दाण्या. उकडलेली कोंबडी भातात कुस्करून आक्का त्याला दिवसातून चार वेळा बोटानं भरवायची. पलंगावर घ्यायची नाही. उडी मारली तर पाय काडीसारखा मोडायचा. पट्टा गळ्यात नाही, छातीला. वर घार फिरते म्हणून अंगणात एकटा सोडायची नाही. मी एकदा मायेनं त्याला शेजारच्या म्हशीचं सायीसकट दूध पाजलं. जुलाबानं पार गळून गेला. "रेडकू हाय व्हय त्ये?" आक्का म्हणाली. "तुमची माया आन् इख, दोन्ही एकच." तेव्हापासून मी त्याच्या वाटीला हात लावला नाही.

मग आक्काच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर मला बाहेर नेऊन हळू आवाजात सांगत होता, तर आतून ही ओरडली, "ऊस कारखान्याला जाईस्तवर टिकती का, तेवढं इचारा!"

घरी आली आणि दाण्यावर उलटली. मांडीकडं आला की चप्पल आपटायची. हातांना बाम चोळून बसायची. तो चाटायला यायचा, शिंकत मागं जायचा, पुन्हा यायचा. शेजारच्या यमुनाबाईला बघवेना. "आक्का, जाता जाता मुक्या जिवाचा तळतळाट कशाला घेती?"

"घिऊ दे. भोगाया मी कुठं ऱ्हाणार हाय?"

मला मात्र तिनं सरळ सांगितलं. "मी गेल्याव ह्ये माझ्या पलंगाखाली बसून मरंल. आतापासनं तुमी धरा त्याला. तुमची मला काळजी न्हाय. तुमी रडाल आन् जेवायच्या टायमाला उठाल."

कुत्र्याला बोटानं भरवणं मला जमणार नाही, म्हणून मी उठून गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी उसाला पाणी देऊन आलो, तर दाण्या फरशीवर आडवा. पाय गार पडलेले, अंग थरथरतंय. आक्का पलंगावर हाताची घडी घालून त्याच्याकडं बघत बसलेली. सकाळपासून तिनं त्याला घास दिला नव्हता.

"गूळ डब्यात हाय," ती म्हणाली. "घाला, नायतर उकिरड्यावर टाका. मी उठणार न्हाय."

गूळ पाण्यात कालवून मी त्याच्या हिरड्यांना चोळत बसलो. माझं बोट चावण्याइतका जीव त्याच्यात यायला बराच वेळ लागला. तोवर मी आक्काला तोंडाला येईल ते बोललो. कसाईण म्हणालो. ती भिंतीकडं तोंड करून पडली. तिची पाठ हलत होती. तरी दाण्याला खाली ठेवून मी तिच्याकडं गेलो नाही.

त्यानंतर तो माझ्याच हातचं खाऊ लागला.

ऊस गेला, पाठोपाठ आक्का गेली. घर रडत होतं आणि दाण्या माझ्या मांडीवर झोपला होता. यमुनाबाईनं त्याला उचलून आक्काजवळ ठेवलं. "बघ रं, तुजी आक्का चालली." त्यानं तिचा हात हुंगला, शिंकला आणि परत येऊन माझ्या मांडीवर बसला. "बेइमान जात," कोणीतरी म्हणालं. आक्काला पाहिजे होतं तसंच झालं होतं.

दाण्या आता चांगला भरलाय. परवा ट्रंकेतलं तिचं लुगडं काढून मी त्याच्यापुढं पसरलं. म्हटलं, बघू तरी. तो त्याच्यावरून तुडवत वाटीकडं गेला.

कुत्र्याची माया तोडायला तिला थोडे दिवस पुरले. मला तर ती लग्नापासून घालूनपाडून बोलत आली. एवढ्यानं हा नवरा कधीच तुटला असंल, असं तिनं धरलं असावं. तिथं आक्का चुकली.