सव्वा टक्क्याची प्लेट आणि फोनवरचा आवाज

माझ्या आत्याला कारखान्यात वॉचमनपासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे सव्वाताई म्हणायचे. हे नाव तिला पडलं तेव्हा ती चौतीस वर्षांची होती, आणि भरल्या मीटिंगमध्ये तिच्या बाजूने बोलणारं कोणी नव्हतं.

कारखान्यात प्रेशर व्हेसल बनायच्या. दुमजली घराएवढ्या उंच, जाड पोलादाच्या बंद टाक्या. आत प्रचंड दाब, पाचशे अंशांच्या वर उष्णता, आणि वीस-पंचवीस वर्षं अखंड काम. गिऱ्हाईक एका देशाच्या मानकातली प्लेट मागायचं आणि बाजारात नेमकी तीच नसायची. मग दुसऱ्या देशाच्या मानकांमधून तिच्या तोडीची प्लेट शोधायची, हे आत्याचं काम. तिच्या टेबलावर जाडजूड पुस्तकांची भिंतच होती. पलीकडे कोणी बसलंय की नाही हे उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही.

त्या वेळी एका मोठ्या ऑर्डरला सव्वा टक्का क्रोमियमची प्लेट हवी होती आणि ती सात महिने मिळणार नव्हती. परचेसचे साहेब कुठूनसा एक तक्ता घेऊन मीटिंगला आले. त्यात शेजारच्या रकान्यात दुसऱ्या देशाच्या मानकातली प्लेट होती, एक टक्का क्रोमियमची, तयार माल.

“समोरासमोर लिहिल्यात, म्हणजे सारख्याच ना?” साहेबांनी विचारलं.

“नाहीत,” आत्या म्हणाली. “ही एक टक्क्याची आहे. आपल्याला सव्वा हवा.”

“अहो, पाव टक्का! पाव टक्क्यासाठी ऑर्डर घालवता?”

“आत पाचशे वीस अंश असणार आहेत, सर. तेवढ्या उष्णतेत पोलाद दाबाखाली हळूहळू ताणलं जातं. आज काही दिसणार नाही, पंधरा वर्षांनी दिसेल. सव्वा म्हणजे सव्वा.”

सगळे हसले. मोठ्या साहेबांनी तिला संध्याकाळपर्यंत वेळ दिला.

तिने थेट ती प्लेट बनवणाऱ्या, आपल्याकडच्याच पोलाद मिलला फोन लावला. दोन-तीन ठिकाणी जोडून झाल्यावर टेस्टिंग विभागाचे प्रमुख फोनवर आले. खर्जातला, सावकाश आवाज. प्रत्येक वाक्य जणू हातात घेऊन, उलटंसुलटं बघून मग देणारा.

“बाई, ती प्लेट आमचीच आहे,” ते म्हणाले. “विकली गेली तर मला आनंदच आहे. पण तुमच्या कामाला ती लावू नका.”

स्वतःच्या मालाला नको म्हणणारा माणूस तिला पहिल्यांदाच भेटत होता.

“आमच्याकडे दुसरी एक आहे,” ते पुढे म्हणाले. “सव्वा टक्क्याची, सिलिकॉनही जास्त. फार कोणी मागत नाही, म्हणून तुमच्या तक्त्यात नसेल. नऊ आठवडे द्या, रोल करून देतो. आणि वेल्डिंग झाल्यावर व्हेसल भट्टीत किती तास राहणार, ते कळवा. नमुन्याचा तुकडा आधी तेवढेच तास तापवतो, मग तोडून बघतो. कोऱ्या तुकड्याची ताकद बघून काय करायचंय?”

नऊ आठवड्यांनी प्लेट आली. ऑर्डर गेली नाही, आणि आत्याला नाव मात्र कायमचं चिकटलं. ही गोष्ट तिने फोनवर सांगितली तेव्हा ते मनापासून हसले. “मी काही ताई म्हणणार नाही हं,” ते म्हणाले. “ताई म्हणायला तिथे शंभर जण आहेत. मी सव्वाबाई म्हणेन.”

हे तिने घरी माझ्या आईला सांगितलं. सांगताना तिचे कान लाल झाले होते, असं आई अजून सांगते.

पुढची चौदा वर्षं दर मंगळवारी अकरा वाजता त्यांचा फोन असायचा. आधी क्रोमियम, मॉलिब्डेनम, भट्टीचे तास. कामाचं संपलं की दोन-चार मिनिटं इकडचं तिकडचं. त्यांची बायको लवकर गेली होती, एक मुलगी होती. आत्याचं लग्न दोनदा जमता जमता राहिलं होतं. ती आमच्याकडेच राहायची आणि अंथरुणाला खिळलेल्या आजीचं सगळं करायची. मंगळवारी ती घरी आली की आई भाजी चिरता चिरता विचारायची, “काय, आज क्रोमियम बरं आहे ना?” आत्या म्हणायची, “वहिनी, तुमचं आपलं काहीतरीच!” पण त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवायची.

मिल आमच्यापासून सात तासांवर. “एकदा नमुना तोडताना बघायला या,” ते दरवर्षी म्हणायचे. एका वर्षी तिने खरंच बॅग भरली. निघायच्या दिवशी सकाळी आजीला धाप लागली आणि बॅग पलंगाखाली गेली. पुढच्या वर्षी आई म्हणाली, “जा ना, मी आहे की आईंजवळ.” तेव्हा आत्यानेच पाय मागे घेतला. “प्लेट बघायला कशाला जायचं? कागद येतोच की,” ती म्हणाली, आणि कितीतरी वेळ एकाच उशीचा अभ्रा नीट करत बसली.

मग एका मंगळवारी फोन आला नाही. पुढच्याही नाही. तिने लावला तर कोणी नवीनच माणूस म्हणाला, “सर रजेवर आहेत. तुमचं काय काम आहे?” काय काम आहे, ते आत्याला सांगता येईना. प्लेटच्या चाचणीचं सर्टिफिकेट हवं होतं, असं म्हणून तिने फोन ठेवला.

तीन महिन्यांनी सर्टिफिकेट आलं. शेऱ्याच्या रकान्यात शाईने लिहिलं होतं: घशाचं ऑपरेशन झालं. आता आवाज नाही. कामावर परत आलोय. तुम्ही बोला, मी ऐकेन.

त्या मंगळवारी अकराला तिने फोन लावला. पलीकडे रिसीव्हर उचलला गेला. मागे क्रेनचा भोंगा ऐकू येत होता, बाकी काही नाही. “मी बोलतेय,” ती म्हणाली. पलीकडून पेनाने टक् असा आवाज आला. एक टक् म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, हे न सांगताच ठरलं. चौदा वर्षं जी फक्त ऐकत आली होती, तिला आता बोलावं लागत होतं. रविवारी ती माझ्याजवळ येऊन बसायची आणि म्हणायची, “काय गं, सांगण्यासारखं काही आहे का? माझ्याकडचं संपत आलंय.”

आजी गेल्यावर चार महिन्यांनी ती एकदम म्हणाली, “मला मिलला सोडशील?” मी गाडी काढली. सात तासांत ती सात वाक्यंही बोलली नसेल.

टेस्टिंगची खोली लांबट होती. एका टोकाला भट्टी, दुसऱ्या टोकाला नमुने ताणून तोडायचं यंत्र. दारातच ते उभे होते. अंगाने बारीक, माझ्या खांद्याएवढे, गळ्याला मऊ कापड गुंडाळलेलं. त्यांनी शेजारच्या प्लेटवर खडूने लिहिलं: सव्वाबाई?

आत्याने मान हलवली. फोनवर तासतासभर बोलायला शिकलेली माझी आत्या तिथे एक शब्दही बोलली नाही. दोघं यंत्रासमोर शेजारी शेजारी उभी राहिली. तुकडा हळूहळू ताणला गेला, मधोमध बारीक झाला आणि धाडकन तुटला. आत्या दचकली. त्यांनी तिचा कोपर धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मी बाहेर चहा घ्यायला गेले आणि मुद्दाम उशिरा परत आले.

परतताना अंधार पडायच्या सुमाराला ती म्हणाली, “माणूस फार चांगला आहे.”

“मग?”

“मग काही नाही. मी सारखी त्यांची वाट बघत होते.”

“कोणाची? ते तर समोरच होते ना!”

“हो ना,” ती म्हणाली आणि काच खाली करून बाहेर बघत राहिली.

तरी त्यानंतर ती वर्षातून दोनदा जायची. खडू संपेपर्यंत गप्पा चालतात, असं सांगायची. लग्नाबद्दल आईने एकदा सरळच विचारलं. “त्यांनी विचारलं होतं,” आत्या म्हणाली. “मी विचार करते म्हणाले.” तो विचार चालू असतानाच ते निवृत्त झाले आणि मुलगी त्यांना परदेशी घेऊन गेली. पत्रं येत राहिली. तीन वर्षांपूर्वी तीही थांबली. ते गेल्याचं मुलीने दोन ओळींत कळवलं.

मागच्या महिन्यात त्याच मुलीने माझ्या फोनवर एक ऑडिओ क्लिप पाठवली. वडिलांच्या सामानात जुनी कॅसेट सापडली होती. ऑपरेशनच्या आधी त्यांनी मिलच्या कामगारांसाठी आग लागल्यावर काय करावं याच्या सूचना वाचल्या होत्या. दीड मिनिटाच्या.

आत्या आता एकसष्ट वर्षांची आहे. आठ दिवस तिने ती ऐकली नाही. “राहू दे, घाई काय आहे,” म्हणायची. मग एका दुपारी खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. “लाव.”

खर्जातला आवाज खोलीभर पसरला. घाबरू नका. वीज बंद करा. जवळच्या दारातून शांतपणे बाहेर पडा. आत्या डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर मी विचारलं, “असाच होता?”

“असाच,” ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, “पण इथे तो आवाज सगळ्यांशी बोलतोय गं.”

आणि माझ्या हातातून फोन घेऊन तिने ती पुन्हा लावली, या वेळी अगदी कानाशी धरून.